घरामागच्या उताराची माती कशी थांबवली – माझा अनुभव

घरामागे चांगलाच उतार आहे आणि दर पावसाळ्यात तिथली माती धुऊन खाली यायची, ओघळी पडल्या होत्या, मुळं उघडी. जो तो सांगायचा झाडं लाव, पण उतारावर मोठी झाडं होतीच की, आणि नेमकी त्यांच्याखालीच जास्त धूप! पानांवर साठून पडणारा थेंब मोठा असतो, खाली गवत-पाचोळा काही नसेल तर तो उघडी माती ठोकून काढतो, सुटलेले बारीक कण छिद्रं बुजवतात आणि मग पाणी मुरतच नाही, नुसतं पळतं.

म्हणून खड्डे खणायच्या आधी भर पावसात छत्री घेऊन पाणी कुठून येतंय ते बघितलं. छताचा पाईप थेट उताराच्या डोक्यावर सुटत होता 😅 तो बाजूला दगडगोट्यांत नेऊन सोडला, एवढ्यानेच बराच फरक पडला.

मग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोघांनी दोन टोकं धरायची, पाण्याची पातळी जुळेल तिथे खुंटी ठोकायची. रेघ वेडीवाकडी येते, डोळ्यांना चुकीची वाटते, पण नळीवरच विश्वास ठेवा. चरातली माती खालच्या अंगाला टाकून बांध घातला आणि प्रत्येक बांधाला सपाट दगडांचा सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, ठेवला. ही गोष्ट लोक सोडून देतात आणि मला तर सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, कारण जोराचा पाऊस आला की चर भरणारच, वाट दिली नाही तर पाणी बांध फोडून एकदम सुटतं आणि आधीपेक्षा मोठी घळ पडते. ओघळींत छोटे दगडी बांध घातले, मधे थोडे खोलगट, म्हणजे पाणी कडेने माती कापत नाही.

लागवड त्यानंतर. बांधालगत वाळ्याचे ठोंब 10 ते 15 सेंमीवर, कारण याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली 2-3 मीटर जातात आणि वरची दाट ताठ रांग गाळ अडवते. मधल्या जागेत पसरणारं गवत आणि बुटकी झुडपं, पण एकाखाली एक नाही, तिरकस आलटून पालटून, नाहीतर दोन झाडांमधून पाण्याला सरळ वाट मिळते. शोभेच्या लॉनचा विचार मी सोडला, सारखं कापलेल्या लॉनची मुळं वरवरच राहतात.

तीव्र भागात पाचोळा टिकत नव्हता, घसरून खाली. तिथे काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी घट्ट केली आणि जाळीतच रोपं लावली, जाळी कुजेपर्यंत रोपांची मुळं धरतात.

आता पावसाळ्याआधी चरांतला गाळ काढून वरच्या अंगाला टाकायचा आणि मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावायचे, एवढंच काम उरतं. फक्त उताराला भेगा दिसल्या किंवा झाडं कलायला लागली तर ते दरड सरकण्याचं लक्षण आहे, तिथे गवत-बिवत लावत बसू नका, इंजिनिअरला दाखवा.