आमची वाटचाल : मधलं भोक उरलं पाहिजे

आमचं मूळ काम मोटार रिवाइंडिंगचं. टोरॉइडच्या, म्हणजे कडीच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरच्या, नादाला लावलं ते ऑडिओवाल्यांनी. त्यांना अ‍ॅम्प्लिफायरमधली घरघर नको होती, आणि ईआय (इंग्रजी E आणि I आकाराच्या) पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधून थोडी चुंबकीय गळती होतेच. टोरॉइडचा कोअर, म्हणजे तार ज्यावर भरतात तो गाभा, ही सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरसाठीच्या खास सिलिकॉन पोलादाच्या) पत्र्याची एकच सलग पट्टी गुंडाळून केलेली कडी. फट नाही, त्यामुळे गळती अगदी कमी आणि लोड नसतानाचा करंटही नगण्य. तयार माल मिळायचा, पण हव्या त्या व्होल्टेजचा एकच नग करून द्यायला कुणी उत्सुक नसे. एका नगासाठी मशीन लावणं परवडत नाही. आम्ही नेमकं तेच काम धरलं आणि हाताने तार भरायला लागलो.

हिशोब तसा सोपा. ५० हर्ट्झला कोअरमधली चुंबकीय घनता १.२ टेस्ला धरा, ३७.५ ला कोअरच्या चौरस सेंटिमीटरमधल्या छेदाने भागा, की एका व्होल्टला किती टर्न, म्हणजे तारेचे वेढे, ते निघतं. कोअर १.५ टेस्लालाही चालतो, तांबं वाचतं. पण ऑडिओसाठी आम्ही वर जात नाही, शांत राहतो तो खालीच.

खरी अडचण मधल्या भोकाची. एक नेहमीचा ३०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा नग घ्या : कोअर बाहेरून १२० मिमी, आतून ६०, उंची ४५. पत्र्यांमधली जागा वजा जाता छेद १२.८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे व्होल्टला २.९३ टर्न आणि २३० व्होल्टला ६७४. तार ०.८ मिमीची. आतल्या घेरात एका थरात जेमतेम १९० टर्न बसतात, म्हणजे प्रायमरीचेच (सप्लाय जोडतात त्या तारेचे) चार थर. थरांमधली मायलरची (इन्सुलेशनच्या प्लास्टिकची) पट्टी धरून भोक ४९-५० मिमीवर येतं, आणि त्यातूनच सेकंडरीची (व्होल्टेज बाहेर देणारी) जाड तार ओढायची असते. म्हणून आम्ही कोअर निवडताना भोक आधी बघतो, वजन नंतर.

शटल म्हणजे दोन्ही टोकांना खाच पाडलेली अरुंद फळी. प्रायमरीला ११५ मीटरच्या आसपास तार लागते, आणि मध्ये जोड नको म्हणून ती सगळी आधीच शटलवर भरून घ्यायची. भरलेलं शटल भोकातून गेलं नाही तर पुढचं सगळं फुकट. प्रत्येक टर्न आत शेजारच्याला चिकटून बसतो, बाहेर मात्र दुप्पट घेर असल्याने तारा पंख्यासारख्या उलगडतात; तिथे अंगठ्याने त्या सारख्या अंतरावर सरकवत जावं लागतं. फोन वाजला तर उचलायचा नाही. सेकंडरीच्या दोन बाजू हव्या असतील तर दोन्ही तारा एकत्रच भरतो, म्हणजे दोघींचं व्होल्टेज सारखं येतं. फॅरडेने १८३१ साली लोखंडी कडीवर अशीच हाताने तार भरली होती, थरांमध्ये सुती कापड घालून. त्याला निदान फोन नव्हता!

प्रायमरी झाली की सिरीज बल्ब लावून, म्हणजे बल्बमधून, सप्लाय देतो. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो. बल्ब पेटायला नको. मग वरून तात्पुरते दहा टर्न घालून मीटर लावायचा : ३.४ व्होल्ट आले, मोजणी बरोबर. पुढच्या थरांखाली काही गाडलं जाण्याआधीच ही खात्री झालेली बरी.

ग्राहकांचे दोन फोन मात्र अजून येतात. पहिला, 'चालू करताच फ्यूज उडतो.' टोरॉइड शॉर्ट नसतो. कोअरमध्ये फट नसल्याने चुंबकत्व शिल्लक राहतं आणि चालू होताना क्षणभर करंट उसळतो. स्लो-ब्लो (क्षणभराची उसळी सोसणारा) फ्यूज वापरा, मोठ्या नगाला सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा करंट आवरणारं सर्किट) लावा. दुसरा, 'बसवल्यावर तापला.' बहुतेक वेळा नग बसवायला भोकातून घातलेल्या बोल्टचं वरचं टोक लोखंडी झाकणाला टेकलेलं निघतं. बोल्ट, झाकण आणि चासी (पेटीचा धातूचा सांगाडा) मिळून एक शॉर्ट टर्न तयार होतो आणि त्यातून प्रचंड करंट फिरतो. आता प्रत्येक नगासोबत याची सूचना चिकटवून देतो. तरीही फोन येतातच.

पुढे सारख्या मालासाठी मशीन घेतलं. पण मशीनचं रिंग शटल (कडीच्या आकाराचं शटल) लहान भोकात जात नाही, आणि दुरुस्तीला येणारा प्रत्येक नग वेगळाच. म्हणून हाताचं टेबल आजही रिकामं नसतं. ऑर्डर देताना व्होल्टेज आणि अँपिअरसोबत पेटीतली मोकळी उंचीही सांगा; पसरट कोअर घ्यायचा की उंच, ते आम्ही त्यावरून ठरवतो.