गोराईची माती आणि गाडीचे शॉक

आरसी म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी मनसोक्त पळवायची तर मुंबईत पहाटेच निघावं लागतं. शिवाजी पार्कची माती उत्तम, पण रविवारी तिथे जिकडे तिकडे क्रिकेट. म्हणून मी आणि माझा भाचा बोरिवलीला उतरतो, रिक्षाने गोराई जेट्टी गाठतो आणि फेरीबोटीने खाडी ओलांडतो. बोटीत दुचाक्याही चढतात, त्यांच्यामधल्या फटीत आमची खोकी. काठाला तिवरांची दाटी, पलीकडे पॅगोडाचा सोनेरी घुमट. लोकलच्या गर्दीनंतर ही बोट फार सुखाची वाटते.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी काढायची नाही, हे आमचं पक्कं. खारी वाळू शिरली की बेअरिंग कामातून गेलं. त्यापेक्षा गावातली मोकळी जागा बरी. जागेच्या मालकांना विचारून तिथे चार प्लास्टिकचे कोन मांडले की झाला ट्रॅक.

गाडी १/१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, टू-व्हील ड्राइव्ह बगी. सकाळी माती दवाने ओलसर होती, टायर धरत होते, शॉकमधलं, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्यांमधलं, ४०० सीएसटीचं सिलिकॉन ऑइल छान काम करत होतं. (सीएसटी हे तेलाच्या घट्टपणाचं माप, आकडा मोठा तितकं तेल घट्ट.) ऊन चढलं आणि चित्र पालटलं. वरची माती भुसभुशीत झाली, खाली खड्डे उघडे पडले.

"मामा, मागून सुटतेय. खड्ड्यातून निघाली की नुसती टुणटुण उडते."

बाटलीवरचा आकडा साधारण २५ अंश तापमानाचा असतो. मुंबईच्या उन्हात तेच तेल पातळ होतं. स्प्रिंग गाडीचं वजन तोलते, पण दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उसळणार ते तेल आणि पिस्टनची भोकं ठरवतात. तेल पातळ झालं की चाक जमिनीला चिकटून राहत नाही. अशा वेळी बरेच जण आधी स्प्रिंग बदलतात. माझं मत, उसळी दिसली की आधी तेलाकडे बघा.

मागचे दोन्ही शॉक उतरवून ४५० भरलं. या कामात घाई चालत नाही. तेल ओतून पिस्टन सावकाश खालीवर केला की बारीक बुडबुडे वर येतात, ते फुटेपर्यंत शॉक सरळ धरून थांबायचं. झाकण लावल्यावर दोन्ही शॉक शेजारी धरून दाबायचे. दोघांचे दांडे सारख्याच चालीने परत यायला हवेत, नाहीतर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच वागते. मग गुडघ्याच्या उंचीवरून गाडी सोडून पाहिली. पोट आपटलं नाही, एकदा दबली आणि स्थिरावली.

बाकी कशालाच हात लावला नाही. कॅम्बर (चाकांचा उभा कल) तोच, टो-इन (चाकांची आत वळलेली दिशा) तोच, राइड हाइट (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) तीच. एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार कसं?

पुढच्या फेरीला मागचा भाग खड्ड्यांवरून शांतपणे निघाला. भाच्याने वळणाआधी ब्रेक दाबणंच सोडलं आणि लगेच नवी तक्रार आली. "आता पुढून ढकलतेय, वळतच नाही!"

साहजिकच आहे. मागची पकड वाढली की पुढची तोकडी पडते. पुढच्या शॉकचं वरचं टोक टॉवरच्या, म्हणजे ते जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, आतल्या भोकात घेऊन बघायचं होतं, पण बॅटऱ्या संपल्या होत्या. तेवढं वहीत टिपून घेतलं. पुढच्या फेरीआधी लॅमिंग्टन रोडला जाऊन आणखी एक लायपो बॅटरी बघायची आहे.