पिशवीतली चौथी पट्टी

देवगडच्या बाजूला माझं मेडिकलचं दुकान आहे. पार्किन्सन म्हणजे मेंदूतलं डोपामिन, हालचालींचा निरोप नेणारं रसायन, कमी पडून अंग थरथरण्याचा नि आखडण्याचा आजार. त्याची चिठ्ठी इथे क्वचित येते, पण एकदा आली की वर्षानुवर्षं येत राहते. त्यामुळे डॉक्टरांच्या लिहिण्यातला बदल काउंटरवरूनही दिसतो. मी धंद्यात आलो तेव्हा हात थरथरतो म्हटलं की पॅसिटेन. स्वस्त गोळी, कंपावर चालते. पण म्हाताऱ्या माणसाचं तोंड कोरडं पाडते, लघवी अडवते, भ्रम करते. मग डोपामिनची नक्कल करणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आल्या. लेवोडोपा, जिचं मेंदूत जाऊन डोपामिन होतं, ती 'पुढच्यासाठी राखून ठेवायची' असं तेव्हा डॉक्टरही म्हणत. प्रामिपेक्सोलने काहींना जुगाराचा नि खरेदीचा नाद लागतो, हे मागाहून ध्यानात आलं. २०१९ साली नेदरलँड्समधल्या चाचणीत लेवोडोपा लवकर सुरू केल्याने आजार थांबतही नाही नि बिघडतही नाही असं दिसलं. आता पहिल्याच चिठ्ठीवर सिंडोपा, म्हणजे लेवोडोपाचीच गोळी, असते. पट्टीवरचा ११० हा आकडा म्हणजे १० मिलिग्रॅम कार्बिडोपा, लेवोडोपाला मेंदूपर्यंत पोचवणारी जोड, नि १०० मिलिग्रॅम लेवोडोपा.

एवढं सगळं सांगायचं कारण, त्या दुपारी मी चिठ्ठीवरच्या औषधांतच अडकून राहिलो असतो तर हाती काही लागलं नसतं.

बाजूच्या वाडीतली एक सून सासूच्या औषधांची पिशवी घेऊन आली. "दादानू, ह्यो गोळ्यो अर्ध्यो करून दिल्यार चलात?" औषध परवडत नसेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. सासूबाई रात्री उठून ओटीवर कुणीतरी बसलंय म्हणत होत्या, वारलेल्या दिराला हाक मारत होत्या. गावात देवाला कौल लावायचं बोलणंही झालं होतं. दोन्ही हात थरथरतात, पाऊल उचलत नाही, चेहरा कसा 'लाकडासारखो' झालाय, असं ती सांगत होती. सिंडोपा वाढवूनही फरक नव्हता.

मी पिशवी काउंटरवर उलटी केली. सिंडोपा ११०. पॅसिटेन. शौचासाठी इसबगोल, कारण पॅसिटेनने पोट धरलं होतं. आणि खाली दुमडलेली चौथी पट्टी: रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड.

"ही कोणी दिली?"

"ती पित्ताची. आमचे हे मुंबयसून हाडतत. गणपतीक येताना डबोच घेवन येतत."

पित्ताची म्हणून घेतली जाणारी ही कॅप्सूल आपल्याकडे बेसुमार चालते. जेवल्यावर पोट फुगतं, ढेकर येतात, की दिली. रॅबेप्राझोल आम्ल कमी करतं, त्याचं इथे काही नाही. लेव्होसल्पिराइड मात्र डोपामिनची जागाच अडवतं, पोटात नि मेंदूतही. पार्किन्सनमध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. इथे पेशी जागेवर असतात, पण त्यांचा निरोप पोचत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. वर सिंडोपा द्यायची म्हणजे दाराला आतून कडी घालून बाहेरून माणसं आत ढकलायची.

सुरुवात कधीची, हे विचारलं. आमच्याकडे तारीख मिळत नाही, सण मिळतो. कॅप्सूल चतुर्थीपासूनची, हात थरथरायला लागला शिमग्याच्या आधी. म्हणजे गोळी आधी, कंप नंतर. डॉक्टरांना ही कॅप्सूल कधी दाखवलीच नव्हती. पित्ताचं औषध ते काय दाखवायचं? पित्ताच्या गोळीने कंप, कंपाच्या गोळीने भ्रम नि बद्धकोष्ठ, त्यावर इसबगोल. पुढची चिठ्ठी झोपेच्या गोळीची असती.

काहीही बंद करणं माझं काम नाही. तिच्यासमोरच मी कुडाळच्या डॉक्टरांना फोन लावला. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ती कॅप्सूल आजच थांबवा, बाकीचं मी बघतो. पॅसिटेन एकदम तोडायची नसते, ती त्यांनी हळूहळू उतरवली, आणि गोव्यात बांबोळीला मेंदूविकार तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी नवीन कंपाची चिठ्ठी आणली की मी आधी घरातली सगळी पिशवी आणायला सांगतो. चक्करेची सिनारिझिन, उलटीची मेटोक्लोप्रामाइड, झोपेच्या नावाखाली दिलेली काही मानसिक आजाराची औषधं, सगळी हेच करू शकतात. म्हाताऱ्या बायकांना धोका जास्त. लोक वैतागतात. एकाने तर विचारलं, "तुमका गोळ्यो विकूच्यो आसत का तपासूच्यो?"

सासूबाईंचा भ्रम आधी गेला, चालणं त्यामागून काही महिन्यांनी सुधारलं. उजव्या हाताचा थोडा कंप मात्र अजून आहे. अशा काहींमध्ये खरा पार्किन्सन आधीच दबा धरून बसलेला असतो नि गोळी त्याला फक्त लवकर उघडा पाडते. त्यामुळे बांबोळीच्या डॉक्टरांनी सिंडोपा पूर्ण बंद केलेली नाही, पुन्हा तपासायला बोलावलंय. मुलगा यंदा गणपतीला आला तेव्हा डबा न आणता आधी दुकानात आला आणि म्हणाला, आईच्या पोटासाठी दुसरं काय चालेल? मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं.