नानांचं ‘हं’

रात्रीचे पावणेबारा. नखांत प्रायमर अडकलाय. झोप लागत नाही म्हणून लिहायला बसले.

संध्याकाळी नाना येऊन गेले. दादाच्या गाडीला मी घरी वेल्ड करून बनवलेला लोखंडी बंपर बघायला मीच बोलावलं होतं. परवापासून तो गाडीवर चढलेला आहे, करडा प्रायमर मारलेला, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) बसलेली, दोर नीट गुंडाळलेला. आत शिरल्या शिरल्या पुढूनच दिसावा म्हणून मी गाडी मुद्दाम फिरवून ठेवली होती. नानांनी पुढून बघितलंच नाही. थेट डाव्या चाकापाशी गुडघे टेकले, खालून हात घातला आणि चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टेकणाऱ्या ब्रॅकेटच्या आतल्या जोडावरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. मागे आला, परत तिथेच गेला.

“वेल्डिंगचं मशीन कुठं ठेवलं होतंस?”

“व्हरांड्यात.”

“हं.”

एवढंच. मग छोटीच्या परीक्षेची चौकशी केली, पाणी प्यायले, गेले.

त्या एका अक्षराने माझी संध्याकाळ खाल्ली. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. वाईट म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

आठ रविवार घातलेत मी यात. पहिला अख्खा रविवार पुठ्ठ्यातच गेला. खोकी कापून, चिकटपट्टी लावून, गाडीच्या नाकासमोर धरून बघायचं, दोन बोटं कमी करायचं, परत धरायचं. कडा अशा वर उचलून कापल्या की चढावर तोंड आधी टेकू नये. रेडिएटरसमोर वारा जाईल एवढी फट ठेवली. विंचच्या तळाच्या प्लेटला 6 मिमीचा पत्रा घेतला, बाकी अंगाला 4 मिमी, कारण 6 मिमीच्या एका चौरस मीटरचंच वजन 47 किलो होतं आणि सगळंच तसं जाड केलं असतं तर पुढच्या स्प्रिंग बसल्या असत्या. विंचच्या पायांची चार भोकं 254 बाय 114.3 मिलिमीटरवर. त्या पॉइंट तीनसाठी मी अर्धा तास पट्टी आणि पंच घेऊन बसले होते. शॅकलचे, म्हणजे ओढायची कडी अडकवायचे, कान 20 मिमी जाडीचे. ते समोरच्या पत्र्यावर नुसते चिकटवले नाहीत, पत्र्याला खाचा पाडून आरपार नेले आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे वेल्ड केले. चॅसीच्या पोकळ पेटीतून बोल्ट जातात तिथे आत नळीचे तुकडे घातले, नाहीतर बोल्ट आवळताना पेटीच चेपते. पाणी साचू नये म्हणून खालून भोकं ठेवली. हे सगळं कुणाला सांगायचं? मला वाटलं होतं, नानांना न सांगता दिसेल. दिसलं असेलही. पण त्यांचा हात सरळ त्या एका जोडाकडे गेला.

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रडू आलं. इतक्या दिवसांत एकदा तरी कुणी पाठीवर हात ठेवावा, ही काही मोठी अपेक्षा नव्हे. ती गाडी माझी नाही, दादाची आहे, आणि ती तशीच गंजत उभी राहू द्यायची नाही हे मी ठरवलं तेव्हा घरात कुणी ‘बरं केलंस’ म्हटलं नाही. तेही एक आहे. पण आज ते नको.

परत ‘हं’वर येते.

मशीन कुठं ठेवलं होतंस, हे त्यांनी का विचारलं ते मला लगेच कळलं होतं. तिथेच, त्यांच्यासमोर. कळलं नाही असा चेहरा मी केला. संध्याकाळपासून जे टोचतंय ते बहुतेक हे आहे, कौतुक झालं नाही हे नव्हे.

डावं ब्रॅकेट केलं तो पाचवा रविवार. गाडी बाहेर, मशीन व्हरांड्यात, मधे ती लांब बारीक एक्स्टेंशनची वायर, आणि तिचीही अर्धी गुंडाळी तशीच पडलेली. वारा होता. मिगच्या, म्हणजे तार वितळवत जोडणाऱ्या माझ्या वेल्डिंग मशीनच्या, नोझलमधून येणारा गॅस वाऱ्याने उडतो आणि वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात, म्हणून तीन बाजूंनी पुठ्ठे उभे केले होते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली होती. अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी शेजारी, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावला होता. सगळं पुस्तकात असतं तसं. आणि उजवीकडून डावीकडे आले तेव्हा आवाज बदलला.

मिग नीट चाललं की एकसारखी बारीक चरचर येते, मधे खंड न पडता. त्या दिवशी डाव्या ब्रॅकेटवर ती तुटत होती. फट्, फट्, मग जरा चरचर, परत फट्. तार वितळण्याआधीच प्लेटला टेकत होती. लांब बारीक वायरीत विजेचा दाब कमी होतो, मशीनला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, ठिणगी थंड पडते. हे मला माहीत आहे. मी छोटीलासुद्धा समजावून सांगू शकेन. मधे तार बदलताना त्या गुंडाळीला पाय लागला, ती कोमट लागली, तेही लक्षात आहे. पण उजेड कमी होत चालला होता, शेवटची वीतभर लांबी उरली होती, मला तो दिवस संपवायचा होता. पुढे गेले. तोंडावरची काळी काच वर केली तर वेल्डची रेघ छान दिसली. उंच, गोल, भरीव. मनात म्हटलं, भरपूर माल पडलाय, मजबूत झालं.

उंच आणि गोल. चांगली रेघ दोन्ही प्लेटींत विरघळून जाते, तिची कड बोटाला लागत नाही. प्लेटीवर नुसती ठेवल्यासारखी बसते ती थंड रेघ. नानांचा अंगठा त्या कडेला अडकला होता.

मला त्या दिवशीच ऐकू आलं होतं.

वरून प्रायमर कोणी मारला? मीच. बाकी सगळ्यावर एक हात, त्या ब्रॅकेटवर दोन. तेव्हा वाटलं की खालून चिखल उडतो म्हणून. आता तसं वाटत नाही.

नऊ वाजता उठले आणि बाहेरचा दिवा लावला. 6 मिमीचे दोन तुकडे उरले होते. तीच तार, मशीनच्या बटणांवर तेच आकडे, मशीन व्हरांड्यात, वायर तशीच अर्धी गुंडाळलेली. तुकडे उलट्या टीसारखे उभे केले, एकाच बाजूने वेल्ड केलं. फट्, फट्. थंड होऊ दिलं, आडवी प्लेट व्हाइसमध्ये पकडली आणि उभी प्लेट वेल्डच्या बाजूला पाडायला हातोडा मारला. तसं पाडलं की जोडाच्या मुळाशी ताण येतो आणि आत काय आहे ते उघडं पडतं. चांगला जोड असला तर पाच-सात घाव बसतात, कधी प्लेट वाकते पण जोड सुटत नाही.

दुसऱ्या घावाला सुटला.

उभ्या प्लेटीला सगळा माल चिकटलेला आणि आडवी प्लेट कोरी. वेल्ड करण्याआधी ती मी ग्राइंडरने घासली होती, ते तिरके ओरखडे जसेच्या तसे दिसत होते. लोखंड वितळलंच नव्हतं. वितळलेला माल वर सांडला आणि गोठला.

मी तिथेच पायरीवर बसले. हिशोब मनात आपोआप सुरू झाला, तो मी कितीतरी वेळा केलेला आहे. सामान भरलेली गाडी 2,800 किलो धरली, विंच दीडपट तरी असावी म्हणून 4,300 किलोची घेतली. तीही ड्रमवर दोराचा पहिला थर असतानाची ताकद, वर थर चढत जातात तशी ती कमी होते. पण गाडी खोल रुतली तर समोर झाडाला कप्पी लावायची आणि दोर परत आणून बंपरच्याच कानात अडकवायचा. ओढ दुप्पट होते. ती दुप्पट ओढ येते कुठे? याच बंपरवर, आठ-साडेआठ हजार किलो. आणि ओढ सरळ नसेल, गाडी तिरकी अडकली असेल, तर त्यातला मोठा वाटा एकाच बाजूच्या ब्रॅकेटवर जातो. सिंथेटिक दोर हलका असतो, तुटला तर पोलादी दोराएवढा झेपावत नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. ब्रॅकेटच सुटलं तर त्या दोराच्या टोकाला काय असेल? 50 किलोचा बंपर, वर विंच.

परवा दुपारी छोटी त्याच्यावर चढून बसली होती, डाव्या बाजूला, पाय हलवत. तिच्या वजनाने काही होणार नव्हतं, ते मलाही कळतं. तरी.

ती मला विचारत होती, मामाला आवडला असता ना. मी हो म्हटलं.

यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. रडू थांबलं होतं. व्हाइसमधला तो तुकडा हातात घेऊन मी ओरखड्यांवरून नख फिरवत बसले आणि हळूहळू बरं वाटायला लागलं. का, ते अजून शोधतेय. बहुधा ‘हं’ला काहीतरी अर्थ मिळाला म्हणून. इतका वेळ मी नानांच्या मनात काय असेल याच्याशी झगडत होते, आणि हातात तर लोखंडाचा तुकडा आहे. तो मला खूश करायला बघत नाही आणि रागावलेलाही नाही. वेल्ड बसलं नाही, एवढंच सांगतोय. नानांनीही तेवढंच सांगितलं असावं, ज्याला मशीन कुठं होतं हे माहीत आहे त्याला पुरेल एवढं. तोंडाने ‘हे काढून परत कर’ म्हणाले असते तर मी केलं असतं, पण त्यांच्यासाठी केलं असतं.

की हेही मी मला सोयीचं म्हणून लिहितेय? असेल. आज एवढ्यावर थांबते.

दहा वाजता चार बोल्ट काढले, डावीकडचे. बंपर जॅकवर टेकवला, ब्रॅकेट सुटं केलं, प्रायमर घासला. मग बारीक डिस्कने शेवटाकडून रेघ उघडत गेले. जोड नीट असेल तर आत सगळीकडे एकच चकचकीत धातू दिसतो. बसला नसेल तर दोन प्लेटींच्या मधे केसासारखी काळी रेघ राहते. ती दिसली. पाच सेंटिमीटर, सहा, सात, तिथे संपली आणि पुढे स्वच्छ. म्हणजे सुरुवात चांगली झाली होती. फट् फट् सुरू झालं तिथपासून ती काळी रेघ आहे. माझ्या कानांनी मला मापासकट सांगितलं होतं.

काळी रेघ पूर्ण जाईपर्यंत घासलं. खाच चांगलीच खोल झाली आहे, ती दोन फेऱ्यांत भरावी लागेल. एकदम नाही, तीन-चार सेंटिमीटर या बाजूला, मग थांबून त्या बाजूला, नाहीतर ब्रॅकेट ओढलं जाईल आणि भोकं चॅसीशी जुळणार नाहीत. विंचच्या प्लेटला तसंच झालं होतं, तिसऱ्या रविवारी, घाईत. मधे 3 मिमी फुगली होती आणि सरळ करायला आणखी एक दिवस गेला.

उजवं ब्रॅकेट त्या दिवशी चरचरत होतं, मला पक्कं आठवतं. तरी तेही काढणार आहे. आठवणीवर माझा आज फारसा भरवसा नाही.

नानांना उद्या फोन करून काय सांगू, ते अजून सुचलेलं नाही. बहुतेक काहीच सांगणार नाही, फक्त परत या म्हणेन. यावेळी प्रायमर मारायच्या आधी.

वरती यायच्या आधी मशीन ओढत गाडीपाशी नेऊन ठेवलं. जुनी एक्स्टेंशन काढून टाकली. जाड, आखूड वायर आहे, ती पूर्ण उलगडून सरळ टाकली आहे. दोन तुकडे कापून तयार आहेत. सकाळी आधी ते जोडायचे आणि तोडून बघायचे, मग ब्रॅकेट.