डोळे वरती

मिशिगनला घर घेतलं त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी पिओनी लावली, कंदापासून येणारं फुलझाड. लावली म्हणजे चांगली पुरली. हातभर खड्डा, तळाला शेणखत, वर माती, मातीवर पुन्हा पालापाचोळा. इथला पारा शून्याच्या पार खाली जातो, बिचारीला पांघरूण नको?

मे महिन्यात पानं आली. हिरवीगार, चकचकीत. फूल नाही. नव्या रोपाला दोन-तीन वर्षं लागतात असं ऐकून होते, म्हणून निर्धास्त होते. पुढच्या वर्षी खत वाढवलं. चौथ्या वर्षी झुडूप कमरेला टेकलं, तरी कळीचा पत्ता नाही. शेजारच्या आजी हे सगळं कुंपणापलीकडून बघत होत्या. इथले लोक विचारल्याशिवाय सल्ला देत नाहीत. गुण मोठा आहे, पण त्यात माझी चार वर्षं गेली. शेवटी मीच विचारलं. त्यांनी उलट एकच प्रश्न केला, ‘‘किती खोल?’’ मी कोपरापर्यंत हात दाखवला. त्यांनी डोळे मिटले आणि मग दोन बोटं आडवी धरली. कंदाचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मातीखाली दीड-दोन इंच, बस्स. त्याहून खाली गेले की ही बाई नुसती पानं देत बसते.

डोळे! मी कराडकडच्या ऊसवाल्याची मुलगी. दोन डोळ्यांची टिपरी, डोळे बाजूला करून सरीत दाबायची, हे मला अ, आ, ई आधी येत होतं. आणि इथे येऊन मी ते गाडून ठेवले.

त्या रात्री बाबांना फोन केला.

‘‘तुकड्याला डोळे किती?’’

‘‘तीन ते पाच.’’

‘‘दर साली नवी लावण?’’

‘‘नाही हो. हिवाळ्यात वरचं सगळं मरतं. एप्रिलमध्ये त्याच मुळातून पुन्हा फुटते.’’

‘‘मग खोडवाच की!’’

‘‘पन्नास-पन्नास वर्षं फुटते, बाबा.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. तिसऱ्या खोडव्याला मान टाकणारा ऊस ज्यानं आयुष्यभर पाहिला, त्याला ही बातमी पचायला वेळ लागणारच. मग म्हणाले, ‘‘एक तुकडा आण इकडं.’’

ते मात्र जमायचं नाही. तिला कळी धरायला थंडी लागते, आणि तीही आठवडेच्या आठवडे, शून्याच्या आसपासची. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की पेपरात फोटो येतो, पण ती एका पहाटेची चैन. आपल्या देशात तिची एक बहीण फुलते हिमालयात, पांढरी, एकेरी पाकळ्यांची. तिच्या शास्त्रीय नावातलं ‘इमोडी’ हे हिमालयाच्याच जुन्या ग्रीक नावावरून आलेलं.

सप्टेंबरअखेर कंद उकरला आणि बोटं लावून वर बसवला. आजींनी आपल्या झुडपातलाही एक तुकडा दिला. जात ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’, फ्रान्समध्ये १८५१ साली निघालेली. म्हणजे आपल्याकडे बोरीबंदरहून पहिली गाडी सुटायच्या आधीची.

मग पुन्हा वाट पाहणं. मधल्या जूनमध्ये मिशिगनमधल्याच अॅन आर्बरला विद्यापीठाची पिओनीबाग बघून आले. तिच्यासाठी १९२२ साली देणगी मिळाली आणि लोकांना बाग खुली झाली १९२७ साली. पाच वर्षं का लागली असतील, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

गेल्या वर्षी आई आली होती. (बाबा उसाचं पाणी सोडून कुठे येतात!) एप्रिलमध्ये आंब्याच्या पालवीसारखे तांबूस कोंब वर आले आणि मेअखेर सुपारीएवढ्या कळ्या. एका सकाळी आई हळदीचा डबा घेऊन बागेत निघालेली दिसली.

‘‘अगं, मुंग्या लागल्यात. भुकटी टाकते.’’

कळीच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांवर चिकट, गोड थेंब येतात. मुंग्या येतात त्या पाकासाठी, आणि आल्याच आहेत तर दुसऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. शेजारच्या आजींचा मात्र ठाम विश्वास, की मुंग्यांनी चाटल्याशिवाय कळी उघडतच नाही. ते काही खरं नाही. मुंगीवाचूनही ती उमलते. दोघी आपापल्या मतांवर अडून कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या, आणि दुभाषी मी. मी दोघींचंही भाषांतर जरा मवाळ केलं.

दोन दिवसांनी फूल उघडलं. पांढरंशुभ्र, दोन्ही ओंजळीत न मावणारं, आणि मध्यभागी काही पाकळ्यांच्या कडेला कुंकवाचा शिंतोडा उडावा तसे लाल ठिपके. वास गुलाबाच्या जवळचा, पण गार. आईनं हळदीचा डबा ओट्यावर ठेवला आणि पदर सावरून खुर्ची तिथेच ओढली. त्या रात्री वळवासारखा पाऊस येणार होता, आणि एका पावसात ही फुलं माना मोडून चिखलात तोंड घालतात. आधाराला लोखंडी कडं घालायचं मी विसरले होते. म्हणून जे काय ते आजच.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र, ते अंगणात बाजेवर. बघून ‘‘हं’’ म्हणाले. मग, ‘‘वास येतो का?’’

मी फोन फुलाला टेकवला. एक मुंगी पाकळीवरून काचेवर उतरली आणि बाबांच्या नाकावरून चालायला लागली. त्यांना तिकडे काय दिसलं कोण जाणे, त्यांनी गाल फुगवले आणि फुंकर मारली.