ठिगळाचा शेला

1978 च्या जानेवारीतलं गॅदरिंग. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, आमच्या वर्गाने नाटक बसवलं होतं, तेही एका बुडालेल्या नाटक कंपनीचं. मालक रातोरात पळालेला, पडदे आणि पेटी सावकाराने अडकवून ठेवलेली, खानावळीचं बिल थकलेलं, आणि धर्मशाळेत उरलेले पाच नट उपाशीपोटी एकमेकांना 'महाराज', 'प्रधानजी' अशा हाका मारताहेत. आमच्या मराठीच्या सरांनीच ते लिहिलं होतं. मी राजा होतो. पुठ्ठ्याच्या मुकुटाला बेगड चिकटवताना बोटं आठवडाभर खळीने चिकट असायची.

सरांना हा विषय निपाणीत बसून सुचला याचं आज नवल वाटत नाही. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला, 1843 साली. गायक नट केशवराव भोसल्यांनी 'ललितकलादर्श' नाटक कंपनी काढली ती हुबळीत, 1908 साली. कानडी रंगभूमी गाजवणारे एणगी बाळप्पाही याच जिल्ह्यातले. या मुलखात कानडी काय, मराठी काय, नाटकाचं वेड घरोघरी होतं. पण 1932 पासून मराठी बोलपट येऊ लागले आणि कंपन्या एकामागून एक बसल्या. दहाव्या वर्षी कंपनीत गेलेल्या पोरांना गाण्या-बोलण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. त्यांचं पुढे काय झालं, हे कुठे फारसं लिहून ठेवलेलं नाही.

त्यांतले एक आपल्या गावात होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. तंबाखूच्या वखारीत वजनाला असायचे. सरांनी त्यांना तालमीला बोलावलं. पहिल्या दिवशी ते दाराशीच उभे राहिले, चपला बाहेर काढल्या, आणि वर्गातल्या बाकांमधल्या तालमीच्या रिकाम्या जागेला वाकून हात लावून मगच आत आले. तेव्हापासून आम्हीही त्या जागेत चपला घालून गेलो नाही.

माझ्या शेल्याला मी हसू यावं म्हणून लाल कापडाचं हे एवढं ठिगळ लावलं होतं आणि ते प्रेक्षकांकडे करून चालायचो. पोरं पोट धरून हसायची. तात्या हसले नाहीत. जवळ आले, शेला माझ्या खांद्यावरून काढला आणि स्वतः पांघरला. "आरं पोरा, ठिगळ दावायचं न्हाई, झाकायचं असतंय. उपाशी नट आधी ठिगळ झाकतोय, मग पोटाकडं बघतोय." ते चार पावलं चालले. डावा हात कमरेवर, मान ताठ, आणि कोपराच्या घडीत ठिगळ बरोबर दडवलेलं. मग कुणीतरी हाक मारल्यासारखे वळले, घडी सुटली, ठिगळ दिसलं, आणि त्यांनी ते ज्या घाईने पुन्हा कोपराखाली ओढलं! वर्ग हसून लोळला. मीही हसलो, पण घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. विनोद म्हणजे काय ते मला त्या चार पावलांत कळलं. पुढे पुष्कळ नाटकं पाहिली, पण तसं चालणं पुन्हा पाहिलं नाही.

दुसरा बदल शेवटच्या प्रवेशात झाला. सरांच्या संहितेत कानडी खानावळवाला "रोक्का कोडरी", पैसे द्या, म्हणत काठी घेऊन येतो आणि नटांना हाकलतो, असं होतं. तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, त्येवढं बदला. आमची कंपनी बसली तवा गोकाकाकडं हुतो. बिल तीन आठवड्यांचं. खानावळवाली बाई दारात आली, आमास्नी वाटलं आता सामान भाईर टाकतीय. तिनं इचारलं, ऊट आतेनरी?" जेवलात का, एवढंच. सरांनी त्याच रात्री प्रवेश पुन्हा लिहिला.

भाकरी खरी हवी, हाही तात्यांचाच हट्ट. "रंगमंचावर कशाचंबी सोंग करा, खाण्याचं करू नका." माझ्या आईने अकरा भाकरी आणि झुणका बांधून दिला.

पटांगणात बायाबापड्या, वखारीतल्या कामगार बायका, पुढे सतरंजीवर लहान पोरं, सगळी सुरुवातीपासून हसत होती. खानावळवाला काठी घेऊन आला तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. त्याने काठी भिंतीला टेकवली. "ऊट आतेनरी?" पटांगण गप्प झालं. मागे कुणीतरी कानडीतच उत्तर दिलं, "इल्लरी, पापा." नाही हो, बिचारे.

आम्ही पाचजण मांडी घालून बसलो. मेकअपच्या गडबडीत सकाळपासून पोटात खरंच काही नव्हतं. आम्ही खाऊ लागलो. नाटक तिथेच संपायचं होतं, पहिल्या घासाला पडदा पडायचा होता. पडला नाही. मी विंगेकडे पाहिलं. तात्या दोन्ही हातांनी दोरी धरून उभे होते, आणि आमच्यातल्या सर्वांत लहान पोराची भाकरी संपेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.