मसलबराची जुनी लिंक्स आणि मासळीवाल्या

मसलबराच्या जुन्या लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या गोल्फच्या मैदानावर, पोचलं की आधी दिसतात ते घोड्यांच्या शर्यतीचे कठडे. गोल्फचं मैदान शर्यतीच्या धावपट्टीच्या पोटात आहे. नऊच होल. खेळता खेळता धावपट्टी ओलांडायची, आणि शर्यत असेल त्या दिवशी गोल्फ बंद. स्कॉटलंडमधल्या एडिंबरापासून पूर्वेला जेमतेम 10 किलोमीटर, साध्या बसने जाता येतं.

नवऱ्याला खरं तर सेंट अँड्र्यूजचं प्रसिद्ध गोल्फ मैदान हवं होतं. तिथे ओल्ड कोर्सवर खेळायला सोडत असते आणि सोडतीत आमचं नाव निघालं नाही. त्यामुळे मसलबराला तो थोडा फुगूनच आला. मी गोल्फ खेळत नाही. कॉलेजात हॉकी खेळायचे, त्यामुळे चेंडू जागेवर उभा असताना लोक इतका विचार का करतात हे मला अजून उमगलेलं नाही. पण मैदानं बघायला मला आवडतं.

समुद्र आणि शेतं यांच्यामधली ही रेताड जमीन. नांगरायला निरुपयोगी, पाऊस मात्र चटकन मुरतो. गवत आखूड आणि चिवट, खालची जमीन टणक, म्हणून चेंडू पडल्यावरही बराच वेळ घरंगळत राहतो. वाळूचे मोठे उंचवटे असतील असं मला वाटलं होतं, तर हे मैदान बऱ्यापैकी सपाट निघालं. फर्थ ऑफ फोर्थच्या खाडीवरून येणारा वारा मात्र कुठेच पाठ सोडत नाही. पश्चिमेला आर्थर्स सीटचा डोंगर दिसतो.

शर्यती इथे 1816 पासून आहेत, गोल्फ त्याहून पुष्कळ जुना. रॅव्हल्स्टनच्या सर जॉन फाउल्स यांच्या हिशेबाच्या वहीत 2 मार्च 1672 या तारखेला मसलबऱ्यात गोल्फमध्ये हरलेल्या पैशांची नोंद आहे. स्कॉटलंडची राणी मेरी 1567 मध्ये इथे खेळली असंही सांगतात, पण तिचा असा हिशेब कुणाकडे नाही. माझा विश्वास खर्चाच्या वहीवर.

इथे हिकरी लाकडाच्या दांड्यांच्या जुन्या धाटणीच्या काठ्या भाड्याने मिळतात. नवऱ्याने घेतल्या. त्यांची नावंच भारी: मॅशी, निब्लिक, ब्रॅसी. ब्रॅसीच्या तळाला पितळेची पट्टी असते. इथे मैदानाला लागून रस्ता होता, त्यावर गेलेला चेंडू मारताना लाकूड झिजू नये म्हणून ही युक्ती मसलबऱ्यातच निघाली असं म्हणतात. लाकडी दांडा पिळवटतो, जोर लावला की चेंडू भलतीकडे जातो. पहिल्या दोन होलांवर नवरा स्वतःशी पुटपुटत होता. तिसऱ्यापासून त्याने हळू मारायला सुरुवात केली आणि चेंडू सरळ जायला लागले. त्याचा फुगाही तिथेच उतरला.

दुसऱ्या होलचं नाव ‘द ग्रेव्ह्ज’. 1547 च्या पिंकीच्या स्कॉट-इंग्रज लढाईत पडलेले सैनिक तिथे पुरले आहेत अशी आख्यायिका आहे. पण मला थांबावंसं वाटलं ते चौथ्यावर. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या, शेजारी मिसेस फोरमन यांची खानावळ होती आणि भिंतीतल्या खिडकीतून खेळाडूंच्या हातात थेट पेला दिला जायचा. 1870 मध्ये सेंट अँड्र्यूजचा टॉम मॉरिस आणि इथलाच विली पार्क यांचा पैजेचा सामना होता. प्रेक्षक इतके अंगावर आले, मॉरिसच्या चेंडूशी इतके खेळ करायला लागले, की पंचाने सामना थांबवला. मॉरिस आणि पंच दोघे मिसेस फोरमनकडे जाऊन बसले. पार्कने काय करावं? उरलेले होल एकट्याने खेळला आणि पैज जिंकल्याचं जाहीर करून मोकळा झाला.

“अगं, हे लोक गोल्फ खेळत होते की कुस्ती?” नवरा म्हणाला. मला तर हा सामना त्याच्या टीव्हीवरच्या कुठल्याही सामन्यापेक्षा बघण्यासारखा वाटला.

याच गावातून ओपनचे, म्हणजे ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्या गोल्फ स्पर्धेचे, पाच विजेते निघाले. पहिली ओपन 1860 मध्ये प्रेस्टिकला झाली, ती याच विली पार्कने जिंकली. पुढे त्याचा भाऊ मंगो, मुलगा विली धाकटा, बॉब फर्ग्युसन आणि डेव्हिड ब्राउन. सगळ्यांची मिळून 11 विजेतेपदं. फर्ग्युसनने 1880 ते 1882 अशी सलग तीन घेतली. 1874 ते 1889 या काळात सहा वेळा ओपन इथे भरली, नऊ होलांच्या चार फेऱ्या. होल कापायचं 1829 चं यंत्रही इथलंच. त्याने पडणारं भोक सव्वाचार इंचांचं. 1891 मध्ये हेच माप नियमात आलं. आज जगात कुठेही पट (चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका) हुकला की खेळाडू ज्या भोकाकडे रागाने बघतो, ते मसलबऱ्याच्या मापाचं असतं.

मग ओपन गेली कुठे? एडिंबराच्या गोल्फरांची ‘ऑनरेबल कंपनी’, जिने 1744 मध्ये लीथला खेळाचे 13 नियम लिहिले, ती 1836 मध्ये इथे आली होती. मैदान सार्वजनिक, गर्दी फार, बाकीचे क्लबही इथेच. 1891 मध्ये ती म्युअरफील्डला स्वतःच्या जागेत गेली आणि 1892 ची ओपन सोबत घेऊन गेली. मसलबऱ्याला ती परत मिळाली नाही.

आता मासळीवाल्यांकडे येते, कारण मला सर्वात जास्त आवडल्या त्याच. इथल्या कोळणी पाठीवर टोपल्या घेऊन मासळी विकायला एडिंबरापर्यंत चालत जायच्या. अठराव्या शतकाच्या शेवटी इथले धर्मगुरू अलेक्झांडर कार्लाइल यांनी लिहून ठेवलंय की या बायका पुरुषांची कामं करतात, सुटीच्या दिवशी गोल्फ खेळतात, आणि वर्षातून एकदा लग्न झालेल्या विरुद्ध बिनलग्नाच्या असा फुटबॉलचा सामना लावतात, त्यात लग्न झालेल्याच जिंकतात. (यात मला काही आश्चर्य वाटलं नाही.) 1811 च्या नववर्षाच्या सुमारास इथल्या गोल्फ क्लबने या बायकांसाठी स्पर्धा ठेवली. सगळ्यात चांगलं खेळणारीला नवी कोरी मासळीची टोपली, शिवाय बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल. टोपली देणाऱ्याने नीट विचार केलेला दिसतो.

आणि म्युअरफील्ड? 2016 मध्ये तिथल्या सभासदांनी बायकांना सभासदत्व द्यायचं का यावर मतदान घेतलं, लागणारी दोन तृतीयांश मतं पडली नाहीत. म्युअरफील्डला यापुढे ओपन नाही असं आयोजकांनी सांगितल्यावर 2017 मध्ये पुन्हा मतदान झालं आणि ठराव पास झाला. 2022 मध्ये तिथे महिलांची ओपन भरली. दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅशली बुहाईने जिंकली, तीही बरोबरी सोडवायला खेळलेल्या चौथ्या जादा होलवर, अंधार पडत आलेला असताना.

नवऱ्याला मी हे सगळं आठव्या-नवव्या होलवर चालता चालता सांगत होते. “अरे, मग पुढच्या वेळी म्युअरफील्डला जाऊया का?” असं विचारलं, तर म्हणाला, “तिथे पाहुण्यांची फी बघितलीस का?” तेव्हा त्याने पुन्हा इथेच यायचं ठरवलंय. त्या वेळी काठ्या दोघांसाठी घ्यायच्या.